पाय मोडणारी कळ आणि दुरुस्तीचा हक्क

(मंडळाच्या मासिक सभेत कार्यकारिणीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या सभासदांना सभेस येणे जमले नाही त्यांच्या माहितीसाठी येथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेत "मंडळाच्या लॅपटॉपचा खर्च" असा एक विषय आहे. खर्च झाला ९८० रुपये. त्याची पावती खजिनदारांकडे आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर पाहावी. पण हे ९८० रुपये कशाचे, आणि त्याऐवजी साडेसात हजार का गेले नाहीत, हे सांगायला थोडा वेळ लागेल. चहा येईपर्यंत तेवढा वेळ आपण आम्हाला द्यावा, ही विनंती.

मंडळाचा लॅपटॉप आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. हे वार्तापत्र त्याच्यावर जुळवले जाते, सभासदांची यादी त्याच्यात आहे, आणि महापालिकेपासून दिल्लीपर्यंत जी निवेदने आपण पाठवतो ती त्याच्यावरच टंकलिखित होतात. दिवाळीनंतर त्याच्या कीबोर्डवरची इंग्रजी 'डी' ही कळ बंद पडली. आता कोणी म्हणेल, एवढ्या कळांचा पसारा, त्यातली एक गेली तर एवढे काय बिघडले? इंग्रजीत लिहिणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. दहा शब्दांत एखादा शब्द लंगडा होतो, वाचणारा समजून घेतो. मराठी लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे.

आपण मंडळात 'इनस्क्रिप्ट' पद्धतीने लिहितो. १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही कळरचना ठरवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिला जागा मिळाली. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच रचना, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. रचना शहाणपणाची आहे, दोन आठवड्यांत हात बसतो. तर या रचनेत 'डी' कळेवर येते अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह. आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की येतो 'अ'. म्हणजे वर्णमालेचे पहिले अक्षर आणि बहुतेक सारी जोडाक्षरे एकाच कळेच्या आधारावर उभी आहेत. ती कळ गेली आणि 'हक्क' लिहायला बसलेल्या माणसाच्या हातून 'हकक' उमटू लागले. 'अन्याय' लिहू गेले की 'नयाय' उरतो. 'अर्ज' हा शब्दही पुरता लिहिता येईना. रफार वरच्या आकड्यांच्या ओळीतून मिळतो, 'क्ष', 'त्र', 'ज्ञ', 'श्र' हेही तिथेच आहेत, त्यामुळे जुने टंकलेखक तेवढे सांभाळून घेतात. पण 'ल्ल', 'न्य', 'ष्ट' कुठून आणायचे? मराठी माध्यमाच्या वर्गांबाबतचे निवेदन अर्धे लिहून झाले होते आणि ते देण्याची तारीख आठ दिवसांवर आली होती.

लॅपटॉप शहरातल्या एका सेवा केंद्रात नेला. काउंटरवरच्या मुलाने दोन मिनिटांत निदान केले की कीबोर्ड सुटा मिळत नाही, वरचे पूर्ण झाकणच बदलावे लागेल, साडेसात हजार रुपये, दहा ते बारा दिवस. वर सल्लाही दिला की एवढे पैसे घालण्यापेक्षा नवीनच घ्या. लॅपटॉप ठेवून जा म्हणाला, आणि एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहून मागितला. चाचणीसाठी लागतो म्हणे.

येथे आमची कार्यकारिणी थांबली. त्या लॅपटॉपमध्ये आपल्या सर्वांचे पत्ते आहेत, दूरध्वनी क्रमांक आहेत, विद्यार्थी-साहाय्य निधीसाठी आलेल्या मुलांच्या आधार कार्डांच्या आणि गुणपत्रिकांच्या प्रती आहेत. एका कळेसाठी हे सगळे पासवर्डासह बारा दिवस परक्या टेबलावर ठेवायचे का? पैशांचा प्रश्न दुय्यम होता असे आम्ही म्हणणार नाही, मंडळाच्या तिजोरीत काय आहे ते आपण जाणता. पण लॅपटॉप परत आणण्याचे पहिले कारण ती चिठ्ठी होती.

मग आपल्यातल्याच दोघांनी काम अंगावर घेतले. एक निवृत्त शिक्षक, वय वर्षे बहात्तर, आणि एक भगिनी, ज्यांचा या विषयाशी संबंध घरातले मिक्सर आणि इस्त्री स्वतः उघडण्यापुरता होता. त्यांनी काय केले ते क्रमाने सांगतो, कारण उद्या आपल्याही घरी हा प्रसंग येणार आहे.

पहिले काम निदानाचे, आणि ते बिनपैशाचे आहे. कळ खरोखर मेली आहे की संगणकाची समजूत चुकली आहे? बाहेरून जोडायचा साधा यूएसबी कीबोर्ड कोणाकडून तरी मागून आणावा. तोही चुकीचे लिहीत असेल तर दोष कीबोर्डात नाही, भाषेच्या किंवा कळांच्या सेटिंगमध्ये आहे. लॅपटॉपला हात लावण्याचे कारणच नाही. बाहेरचा नीट चालतो आणि आतला चालत नाही, असे दिसले तर मग आतला गेला. एकाच रांगेतल्या किंवा विखुरलेल्या चार-पाच कळा एकदम गेल्या असतील तरी घाबरू नये. लॅपटॉपच्या कीबोर्डात बहुधा प्लॅस्टिकचे पातळ पडदे एकावर एक ठेवलेले असतात, त्यांवर विजेच्या वाटा छापलेल्या असतात, उभ्या आणि आडव्या. कळ दाबली की एक उभी वाट एका आडव्या वाटेला टेकते, आणि त्यावरून संगणकाला कळते की कोणते अक्षर. एक वाट तुटली की तिच्यावरच्या सगळ्या कळा मुक्या होतात. चहा सांडला, पावसाळ्याची ओल आत गेली, की हेच होते. छापलेली वाट घरी सांधता येत नाही, म्हणून कीबोर्ड अख्खा बदलायचा. नुसते कळेचे टोपण निघाले असेल तर मात्र अख्खा बदलू नका, टोपण आणि त्याखालची कात्री सुटी मिळते.

आणि एक इशारा. कीबोर्ड मधून फुगल्यासारखा दिसत असेल, झाकण नीट बसत नसेल, तर दोष कीबोर्डचा नसून खालची बॅटरी फुगलेली असू शकते. तिला टोचू नये, दाबू नये, चार्जर लावू नये. ते काम घरचे नव्हे. तसेच वॉरंटी चालू असलेला लॅपटॉप उघडू नये, तिच्या अटी वाचाव्यात आणि कंपनीकडूनच फुकट बदलून घ्यावा.

आता सुटा भाग. सेवा केंद्र म्हणाले मिळत नाही, आणि तो मिळाला. लॅपटॉपच्या पोटावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक असतो. नुसते कंपनीचे नाव आणि 'पंधरा इंची' एवढ्यावर कधीही मागवू नये. त्याहून खात्रीचा क्रमांक कीबोर्डच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर असतो, म्हणून आधी जुना काढून तो क्रमांक पाहावा आणि मग मागवावा. पट्टी कोणत्या बाजूने निघते, एंटरची कळ आडवी आहे की उलट्या 'एल'सारखी, कळांमागे दिवा आहे की नाही, हे फोटोशी ताडून पाहावे. आमचा ९८० रुपयांना आला, चार दिवसांत. तेवढे दिवस मागून आणलेल्या कीबोर्डवर निवेदन पुरे केले आणि ते वेळेवर दिले. तोच कायम का ठेवला नाही, असे एका सभासदांनी विचारले. टेबलावर बसून लिहायचे असेल तर ठेवावा, खुशाल ठेवावा. आपला लॅपटॉप मात्र शाळेत, सभेला, कोणाच्या घरी असा फिरत असतो.

हत्यारे म्हणाल तर एक बारीक चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर, म्हणजे आपल्या बडोद्याच्या भाषेत डिसमिस, आणि एक जुने एटीएम कार्ड. लोखंडी सुरी वापरू नये, प्लॅस्टिकवर ओरखडे येतात आणि आत गेली तर त्याहून वाईट. लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, झोपवायचा नाही. चार्जर काढायचा, बॅटरी काढायची. बॅटरी आत असेल तर तळ उघडून तिची जोडणी सोडवायची. मग सुरू करण्याचे बटण पंधरा सेकंद दाबून धरायचे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. आमच्या लॅपटॉपच्या पोटावर दोन स्क्रूंजवळ कीबोर्डचे चिमुकले चित्र होते. तेवढेच दोन काढायचे होते. ज्यांच्या लॅपटॉपला जास्त स्क्रू आहेत त्यांनी एका कागदावर लॅपटॉपचा आकार काढावा आणि निघालेला स्क्रू त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावावा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला तर आतल्या मुख्य पाटीला भोक पडू शकते. ही भीती घालण्यासाठी सांगत नाही, चिकटपट्टी वापरावी म्हणून सांगतो.

मग लॅपटॉप सरळ करून कीबोर्डच्या वरच्या कडेला कार्ड सरकवायचे आणि एकेक खटका सोडवत जायचे. टक् टक् आवाज येतो, तो मोडल्याचा नसतो. कड सुटली की मोह होतो उचलण्याचा. येथे थांबायचे. खाली कागदासारखी पातळ पट्टी कीबोर्डला मुख्य पाटीशी जोडलेली असते. कीबोर्ड हलकेच पुढे, आपल्या मनगटाकडे, पालथा घालायचा. पट्टी ज्या खोबणीत बसली आहे तिला बारीक कुलूप असते, काहींचे नखाने वर उचलायचे असते, काहींचे पुढे सरकवायचे. कुलूप उघडल्यावर पट्टी आपोआप सैल होते. ओढावी लागत असेल तर कुलूप उघडलेलेच नाही असे समजावे. भगिनींनी मोबाइलचा दिवा धरला, मास्तरांनी भिंगातून पाहिले, आणि पट्टी निघाली. नव्याची पट्टी त्याच खोबणीत सरळ, पूर्ण आत घालून कुलूप लावायचे. तिरकी बसली तर अर्ध्या कळा चालतात आणि माणूस विक्रेत्याला शिव्या देत बसतो.

स्क्रू लावण्याआधी एकदा बॅटरी जोडून सुरू करून पाहायचे आणि प्रत्येक कळ शिफ्टसकट दाबायची. आमच्या मास्तरांनी पहिला शब्द लिहिला 'अन्याय', दुसरा 'हक्क'. मग पुन्हा बंद करून, बॅटरी काढून, खटके आणि स्क्रू बसवले. एकूण पाऊण तास लागला, त्यातली पंधरा मिनिटे चष्मा शोधण्यात गेली.

हे सगळे इतके सोपे सर्वत्र नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमचा लॅपटॉप दहा वर्षांपूर्वीच्या घडणीचा, कचेऱ्यांसाठी बनवलेल्या श्रेणीतला आहे. आजच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरून निघत नाही. बॅटरी, पंखा, मुख्य पाटी सगळे बाहेर काढावे लागते आणि मग दिसते की कीबोर्ड वरच्या झाकणाला प्लॅस्टिक वितळवून किंवा असंख्य रिव्हेटांनी पक्का केला आहे. ॲपल कंपनीने २०१५ पासून काही वर्षे अतिशय पातळ कळांचा एक कीबोर्ड आपल्या मॅकबुकमध्ये घातला होता. धुळीच्या कणाने त्याच्या कळा अडकत. बदलायचा तर बहुतेकदा बॅटरीसकट वरचे अख्खे झाकण बदलावे लागे. २०१८ मध्ये कंपनीला फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात ५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. सव्वा लाखाच्या यंत्रात कीबोर्ड हा झिजणारा भाग आहे, हे आरेखन करणाऱ्याला ठाऊक नव्हते असे कोण मानेल? स्क्रूच्या जागी रिव्हेट येतो तेव्हा कोणीतरी, कुठेतरी, तसा निर्णय घेतलेला असतो. त्या निर्णयाची किंमत आपण भरतो, म्हणून हा विषय राजकारणाचा आहे आणि म्हणूनच तो या व्यासपीठावरून बोलत आहोत.

सरकारदरबारी याची दखल घेतली गेली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यानंतर कोणती वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे याचा निर्देशांक ठरवण्यासाठी दुसरी समिती झाली आणि तिचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. त्यात पहिल्या टप्प्यासाठी नाव आहे ते स्मार्टफोनचे आणि टॅब्लेटचे. लॅपटॉपचे नाही. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना दुरुस्तीचे दहापैकी किती गुण ते ग्राहकाला दाखवावे लागू लागले. फोन लोक दोन-तीन वर्षांत बदलतात, लॅपटॉप घरात एकच असतो, तो आठ-दहा वर्षे वापरला जातो आणि त्यावर दादा, ताई, आजोबा सगळे शिकतात. आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांना निर्देशांकाची गरज कुठे जास्त आहे, हे सांगायला समिती नको.

आणि बडोदेकरांनी तरी याबाबत गप्प बसू नये. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये या शहरात कलाभवन काढले. त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती त्याची धुरा दिली. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तिथे शिकवले जात, आणि हाताचे शिक्षण लोकांच्या भाषेतून मिळाले पाहिजे हा आग्रह होता. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी यंत्रापासून लांब राहू नये, हा त्यामागचा विचार. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनाचे विद्यार्थी. त्या इमारतीवरून आपण रोज जातो, आता तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. आपल्या अनेक घरांत एखादे आजोबा किंवा पणजोबा तिथे शिकलेले असतील. त्यांच्या पेटीतली हत्यारे माळ्यावर असतील तर खाली काढावीत, डिसमिस बाजारातून आणावा लागणार नाही.

या कामात आम्हाला खटकले ते हे. लेनोवो, डेल, एचपी यांच्या कचेरी-श्रेणीतल्या बऱ्याच लॅपटॉपच्या दुरुस्ती-पुस्तिका कंपन्या स्वतःच फुकट देतात, पानोपानी चित्रांसह. आमच्या लॅपटॉपचीही मिळाली. म्हणजे सेवा केंद्रात 'सुटा मिळत नाही' म्हणून सांगितलेल्या भागाचा क्रमांक कंपनीच्याच पुस्तिकेत छापलेला होता. पण पुस्तिका इंग्रजीत. मास्तरांना इंग्रजी येते, म्हणून काम झाले. ज्यांना येत नाही त्यांनी साडेसात हजार भरायचे का? भगिनींनी वहीत जे टिपून ठेवले ते आता मराठीत दोन पानी टिपणाच्या रूपाने तयार आहे, कुलुपांच्या दोन्ही प्रकारांच्या चित्रांसह. पुढच्या अंकासोबत ते प्रत्येक सभासदाला मिळेल. शेजाऱ्यांसाठी त्याचे गुजराती रूप करायला कोणी तयार असेल तर सभेनंतर भेटावे. शेजारच्या घरातला कीबोर्डही आपल्यासारखाच बिघडतो.

कार्यकारिणीने दोन ठराव मांडले आहेत. पहिला, ग्राहक व्यवहार विभागाला निवेदन पाठवावे: लॅपटॉपचा समावेश निर्देशांकात करावा, गुण देताना कीबोर्ड आणि बॅटरी सुट्या निघतात की नाही हे पाहावे, आणि दुरुस्तीची माहिती भारतीय भाषांत द्यावी. निवेदन मराठीत जाईल. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार नागरिकाला आहे. तो अधिकार न वापरल्याने झिजतो असे आमचे मत आहे, सोबत इंग्रजी प्रत जोडायला हरकत नाही. दुसरा ठराव, मंडळाने यापुढे यंत्र विकत घेताना, लॅपटॉप असो की छपाईयंत्र, सुटे भाग मिळतात का आणि पुस्तिका उघड आहे का हे आधी विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवावे. यावर चर्चा व्हावी. काही सभासदांचे म्हणणे आहे की यामुळे स्वस्तातली पातळ यंत्रे आपल्या हातून जातील. जातील, हे खरे आहे.

जुना कीबोर्ड कचऱ्याच्या गाडीत टाकलेला नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार, जे एप्रिल २०२३ पासून लागू झाले, असा माल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जायला हवा. कार्यालयात त्यासाठी एक खोके ठेवले आहे, त्यात घरातले मेलेले चार्जर, माऊस, वायरी आणून टाकाव्यात. फुगलेल्या बॅटऱ्या मात्र त्या खोक्यात टाकू नयेत, आधी आम्हाला सांगावे.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता याच सभागृहात मास्तर आणि भगिनी दोन टेबले मांडून बसणार आहेत. ज्यांचा कीबोर्ड बिघडला आहे त्यांनी लॅपटॉप, चार्जर आणि पोटावरचा मॉडेल क्रमांक लिहून आणावा. आधी आपल्या कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही, टेबलावरच्या माणसालाही नाही, लागेल तेव्हा मालकाने स्वतः टाकायचा. स्क्रूही मालकानेच फिरवायचा आहे. मास्तर फक्त भिंग धरतील.